‘मस्ट’, ‘मे’, ‘नीड’ आणि कमी-जास्तीचे आकडे : वाक्याचा नेमका अर्थ कसा काढावा

बारावीपर्यंतच्या इंग्रजीत मोडल क्रियापदे, म्हणजे ‘मस्ट’, ‘मे’, ‘नीड’, ‘शॅल’ यांसारखी सक्ती, मुभा किंवा शक्यता दाखवणारी क्रियापदे, एका प्रकरणात येतात आणि ‘मोर दॅन’, ‘लेस दॅन’, ‘अ‍ॅट लीस्ट’ हे तुलनेचे शब्द दुसऱ्याच प्रकरणात येतात. एका प्रश्नात ‘चेंज द डिग्री’ करायची, दुसऱ्यात सक्ती दाखवणारे मोडल घालायचे, आणि दोन्हींचे गुण पदरात पडले की विषय संपतो. ही दोन प्रकरणे एकाच वाक्यात समोरासमोर आली तर काय होते, ते सहसा कोणी सांगत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या, शिरोलीतल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीत परदेशी गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर येते, तेव्हा मात्र ती दोन्ही जवळजवळ प्रत्येक ओळीत एकत्र नांदत असतात.

मी दिवसा अशा कागदांचे मराठी करून देतो आणि संध्याकाळी राजारामपुरीत कारखान्यांतल्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पत्रातले ‘यू नीड नॉट सप्लाय मोर दॅन ४०० पीसेस इन द फर्स्ट लॉट’ हे वाक्य माझ्यासमोर आले आणि मी बेधडक लिहिले, ‘पहिल्या लॉटमध्ये ४०० पेक्षा जास्त नग पाठवू नयेत.’ मालकांकडे ४६० नग तयार होते. माझ्या मराठीवर विसंबून त्यांनी ६० नग मागे ठेवले, आणि ते पुढे वेगळ्या गाडीने, वेगळे भाडे भरून गेले. तयार माल त्याच गाडीत का घातला नाही, असे गिऱ्हाइकाने विचारले तेव्हा चूक उघडी पडली. मालक रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘सर, गरज नाही आणि पाठवू नका, ह्यात साठ नगांचा फरक पडतोय बघा.’

पुढे दिलेल्या पायऱ्या त्या साठ नगांतून सुचलेल्या आहेत. व्याकरणाच्या पुस्तकातल्या क्रमापेक्षा त्यांचा क्रम वेगळा आहे, कारण कागद हातात असताना आधी डोळ्यांत भरतो तो आकडा, क्रियापद नंतर.

पहिली पायरी : आकडा आत आहे की बाहेर

वाक्यातला आकडा शोधावा आणि तो आकडा स्वतः मर्यादेच्या आत धरला आहे की बाहेर, हे आधी ठरवावे. ‘मोर दॅन ५’ म्हटले की ५ बाहेर. ‘लेस दॅन ५’ म्हटले तरी ५ बाहेरच. ‘अ‍ॅट लीस्ट ५’, ‘अ‍ॅट मोस्ट ५’, ‘नॉट मोर दॅन ५’, ‘नॉट लेस दॅन ५’ आणि ‘अप टू ५’ या सगळ्यांत ५ आत. ‘एक्सीड’ हे क्रियापद ‘मोर दॅन’सारखेच वागते, म्हणून ‘शॅल नॉट एक्सीड ५’ यात ५ चालतो.

मोजायच्या वस्तूंत आणि मापायच्या गोष्टींत येथे थोडा फरक पडतो. नग मोजताना ‘मोर दॅन ५’ म्हणजे ६ आणि त्यापुढे. पण जाडी मापताना ५.०२ मिलिमीटर हेही ‘मोर दॅन ५’च असते. ‘फ्यूअर दॅन’ हे मोजायच्या वस्तूंसाठी आणि ‘लेस दॅन’ हे मापायच्या गोष्टींसाठी, असा शालेय नियम आहे. तो लिहिताना पाळावा, वाचताना मात्र गिऱ्हाईक तो पाळेलच असे धरून चालू नये. पैसा, वेळ आणि अंतर यांना आकडा असला तरी ‘लेस दॅन’च लागते.

आपल्याकडे या बाबतीत एक खास घोळ होतो, तो म्हणजे ‘किमान ५ पेक्षा जास्त’. बातम्यांत आणि नोटिसांत हा प्रयोग सर्रास दिसतो, आणि त्यावरून ५ चालतात की ६ लागतात हे कोणालाच सांगता येत नाही. असे मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचे असेल तर ज्याने ते लिहिले त्याला विचारावे. स्वतःच्या मनाने ‘अ‍ॅट लीस्ट’ किंवा ‘मोर दॅन’ निवडू नये.

दुसरी पायरी : तीन आकडे घ्या आणि ‘चालतंय का?’ विचारा

आकड्याची कड कळली की एक खालचा, एक नेमका तोच आणि एक वरचा असे तीन आकडे कागदाच्या कडेला लिहावेत आणि प्रत्येकाबद्दल आपल्या कोल्हापुरी भाषेत ‘चालतंय का?’ असे विचारावे. वर्गातल्या मुलांना ‘परमिशन’ आणि ‘ऑब्लिगेशन’ हे शब्द पाठ असतात, पण ते शब्द घेऊन विचार करता येत नाही. ‘चालतंय का’ आणि ‘लागतंय का’ हे दोन प्रश्न मात्र हातात पान्हा द्यावा तसे उपयोगी पडतात.

माझेच फसलेले वाक्य घेऊ. ‘यू मस्ट नॉट सप्लाय मोर दॅन ४०० पीसेस’ असे वाक्य असते तर ३९९ चालले असते, ४०० चालले असते आणि ४०१ चालले नसते. ‘यू नीड नॉट सप्लाय मोर दॅन ४०० पीसेस’ या मूळ वाक्यात ४०० चालतात आणि ४०१ सुद्धा चालतात. ३९९ बद्दल वाक्य उघड काही बोलत नाही, पण व्यवहारात ४०० लागतात असेच धरावे. म्हणजे एका वाक्याने वरची बाजू बंद केली, तर दुसऱ्याने ती मोकळी सोडली. दोन्ही वाक्यांत ‘नॉट’ आहे, ‘मोर दॅन’ आहे, ४०० आहेत. बदलला आहे तो फक्त मोडल.

नुसती आज्ञा असेल आणि मोडल दिसतच नसेल, तर तेथे ‘मस्ट’ आहे असे समजावे. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखनातील पहिल्या प्रश्नावर दोन सूचना असतात: ‘यू शुड स्पेंड अबाउट २० मिनिट्स ऑन धिस टास्क’ आणि ‘राइट अ‍ॅट लीस्ट १५० वर्ड्स’. पहिली सूचना हा सल्ला आहे. २५ मिनिटे घेतली तर कोणी गुण कापत नाही, फक्त पुढच्या प्रश्नाला वेळ कमी उरतो. दुसरी आज्ञा आहे, आणि १४० शब्दांतच थांबले तर त्याचा गुणांवर परिणाम होतो. त्याच परीक्षेत वाचनाच्या काही प्रश्नांना ‘नो मोर दॅन टू वर्ड्स’ अशी अट असते. तेथे एका शब्दाचे उत्तर चालते, दोन शब्दांचे चालते, तिसरा शब्द आला की बरोबर उत्तरही चूक ठरते. माझ्या वर्गातली निम्मी मुले पहिल्या दिवशी ‘नो मोर दॅन टू’ म्हणजे ‘दोनच’ असे समजून एका शब्दाच्या उत्तराला उगीच शेपूट जोडतात.

तिसरी पायरी : ‘नॉट’ कोणाचा आहे

साठ नगांची चूक येथे झाली होती, म्हणून या पायरीवर जरा थांबावे.

इंग्रजीत ‘नॉट’ मोडलच्या शेजारी बसतो, पण तो नेहमी मोडललाच नाकारतो असे नाही. ‘नीड नॉट’मध्ये तो गरज नाकारतो. ‘मस्ट नॉट’मध्ये तो सक्ती नाकारत नाही, सक्ती तशीच राहते आणि पुढची कृती नाकारली जाते. मराठीत हा भेद दोन स्वतंत्र शब्दांनी होतो, एकीकडे ‘गरज नाही’ किंवा ‘लागत नाही’, आणि दुसरीकडे ‘नये’ किंवा ‘ता कामा नये’. लेखी मराठीत आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा वापरत नाही. अडचण ‘नको’ची आहे. ‘पाचपेक्षा जास्त नकोत’ याचा अर्थ पाचांवर भागते असाही होतो आणि सहावा आणू नका असाही होतो. पंगतीत ‘जास्त भात नको’ म्हणणाऱ्याच्या पानात वाढप्याने आणखी एक मूद टाकली तर ती आग्रहात जमा होते. औषधाच्या गोळ्यांबाबत ‘दोनपेक्षा जास्त नको’ म्हटले तर तिसरी गोळी आग्रहात जमा होत नाही. बोलताना प्रसंग पाहून आपण अर्थ लावतो, आणि इंग्रजी वाचतानाही मनातल्या मनात आधी ‘नको’ म्हणतो. तेथेच फरक पुसला जातो. म्हणून इंग्रजीतल्या नकारी मोडलचे मराठी करताना मसुद्यातसुद्धा ‘नको’ वापरू नये, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

‘मे नॉट’ हा आणखी अवघड गडी आहे. ‘द गॅप मे नॉट बी मोर दॅन २ एमएम’ याचे ‘फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये’ असेही मराठी होते आणि ‘फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेलही’ असेही होते. ड्रॉइंगवर किंवा अटींच्या यादीत आले तर पहिला अर्थ घ्यावा, पत्रात किंवा अहवालात आले तर दुसऱ्याचा संशय धरावा, आणि स्वतः लिहिताना हा प्रयोग टाळून मनाईसाठी ‘मस्ट नॉट’ आणि शक्यतेसाठी ‘माइट नॉट’ लिहावे. ‘कॅनॉट’चेही थोडेफार असेच आहे: ‘कॅनॉट बी मोर दॅन ५’ म्हणजे पाचपेक्षा जास्त असणे शक्य नाही, किंवा तशी परवानगी नाही.

‘नॉट’ आकड्याला चिकटून आला तर मात्र तो मर्यादाच ठरवतो, आणि अशा वेळी कायद्याची इंग्रजी वाचण्यासारखी असते. राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीने राज्यातील मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा आली. मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची एकूण संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही, यासाठी तेथे ‘शॅल नॉट एक्सीड’ असे शब्द आहेत, आणि लगेच पुढच्या परंतुकात ही संख्या १२ पेक्षा कमी असणार नाही, यासाठी ‘शॅल नॉट बी लेस दॅन ट्वेल्व्ह’ असे आहे. महाराष्ट्रात २८८ आमदार आहेत, त्यांचे १५ टक्के ४३.२ होतात, म्हणून ४३ मंत्री चालतात आणि ४४ वा चालत नाही. गोव्यात ४० आमदार आहेत. १५ टक्क्यांनी तेथे सहाच मंत्री बसतील, पण परंतुकामुळे १२ बसतात. एकच मोडल, दोनदा ‘नॉट’, आणि दोन उलट दिशांच्या मर्यादा: ‘एक्सीड’ने छत घातले, ‘लेस दॅन’ने जोते घातले. ‘शॅल’ला येथे भविष्यकाळ समजणारे विद्यार्थी अजून भेटतात. करारात आणि कायद्यात ‘शॅल’ म्हणजे सक्ती, हे त्यांना एकदा सांगून भागत नाही.

‘नो मोर दॅन’ आणि ‘नॉट मोर दॅन’ यांत मर्यादा एकच असली तरी सूर वेगळा असतो. ‘नो मोर दॅन’ला अनेकदा ‘अवघे’ किंवा ‘जेमतेम’ असा वास येतो, आणि ‘नो लेस दॅन ५०० पीपल केम’ यात ‘तब्बल’ असा. अटी लिहिताना सूर नको असतो, म्हणून तेथे ‘नॉट मोर दॅन’ आणि ‘नॉट लेस दॅन’ बरे.

चौथी पायरी : ‘अ‍ॅट लीस्ट’ची आणि ‘अ‍ॅट मोस्ट’ची संगत

नग मोजताना ‘मोर दॅन ५’ आणि ‘अ‍ॅट लीस्ट ६’ यांचा हिशेब एकच येतो. तरीही मोडलशेजारी दोन्ही सारखे बसत नाहीत. ‘यू मे टेक मोर दॅन ५’ हे सरळ परवानगीचे वाक्य आहे. ‘यू मे टेक अ‍ॅट लीस्ट ६’ मात्र परवानगी म्हणून कानाला खटकते. नेदरलँड्समधील बार्ट गर्ट्स आणि रिक नाउवेन या भाषाशास्त्रज्ञांनी २००७ साली या फरकाचा बारकाईने विचार केला होता. त्यांची उपपत्ती बाजूला ठेवली तरी निरीक्षण आपल्या उपयोगाचे आहे: ‘अ‍ॅट लीस्ट’ला सक्तीची संगत मानवते आणि ‘अ‍ॅट मोस्ट’ला परवानगीची. ‘द प्लेट मस्ट हॅव अ‍ॅट लीस्ट थ्री होल्स’ आणि ‘ईच मेंबर मे बॉरो अ‍ॅट मोस्ट टू बुक्स’ ही दोन्ही वाक्ये कोणत्याही कार्यालयात खपतील.

मराठीतही हेच दिसते. ‘किमान तीन भोके असावीत’ हे बिनचूक वाटते, ‘जास्तीत जास्त दोन पुस्तके नेता येतील’ हेही. पण ‘किमान तीन पुस्तके नेता येतील’ म्हटले की ती परवानगी न राहता अंदाज होतो, आणि मनात आपोआप एक ‘तरी’ उमटतो.

मोडल नसताना ‘अ‍ॅट लीस्ट’ बोलणाऱ्याचे अज्ञान उघड करते, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. ‘धिस प्लेट हॅज अ‍ॅट लीस्ट थ्री होल्स’ असे क्यूसीच्या, म्हणजे मालाच्या गुणवत्ता-तपासणीच्या, अहवालात लिहिले तर वाचणारा म्हणेल की याने भोके मोजलीच नाहीत. त्याच वाक्यात ‘मस्ट हॅव’ आले की अज्ञान जाते आणि अट उरते.

पाचवी पायरी : अटीतले कमी आणि कमी असलेली अट

या पायरीवर वर्गात सर्वांत जास्त वाद होतात, आणि व्हावेत असे मला वाटते.

‘ही इज रिक्वायर्ड टू पे लेस दॅन १०,००० रुपीज’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एका अर्थाने, त्याने भरायची रक्कम १०,००० च्या आत ठेवण्याची त्याच्यावर सक्ती आहे; ११,००० भरले तर नियम मोडेल. हा अर्थ बरोबर असला तरी जगात असे क्वचितच घडते. दुसऱ्या अर्थाने, त्याच्यावर भरण्याची जेवढी सक्ती आहे तेवढी रक्कमच १०,००० पेक्षा कमी आहे. त्याने जास्त भरले तर कोणी अडवणार नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याबद्दल बोलताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. पहिल्या अर्थात ‘कमी’ हे अटीच्या पोटात आहे, दुसऱ्यात अटीलाच ‘कमी’ म्हटले आहे. आयरीन हाइम या भाषाशास्त्रज्ञांनी २००० साली या प्रकारच्या वाक्यांची चर्चा केल्यापासून अर्थविचारात हा विषय बराच चघळला गेला आहे.

कोणत्या मोडलमुळे दुसरा अर्थ निघतो, याचा ढोबळ आडाखा असा की ‘हॅव टू’, ‘नीड टू’, ‘बी रिक्वायर्ड टू’ यांच्याबरोबर तो सहज निघतो, तर ‘मस्ट’, ‘शॅल’ आणि ‘शुड’ यांच्याबरोबर बहुधा पहिलाच अर्थ समोर येतो. ‘यू ओन्ली हॅव टू पे लेस दॅन हाफ’ हे वाक्य ऐकून मन आनंदते. ‘यू मस्ट पे लेस दॅन हाफ’ हे ऐकून मन गोंधळते.

मराठीने येथे चांगली सोय करून ठेवली आहे. ‘लागणे’ वापरले की दुसरा अर्थ येतो: ‘त्याला १०,००० पेक्षा कमी फी भरावी लागते.’ पहिला अर्थ हवा असेल तर ‘च’ला बोलावून ‘पाहिजे’ किंवा ‘हवे’ वापरावे: ‘खर्च १०,००० च्या आतच बसवला पाहिजे.’ म्हणून इंग्रजी वाक्य पुढ्यात आले की त्याचे ‘लागते’ आणि ‘च पाहिजे’ असे दोन्ही मराठी अवतार लिहून पाहावेत. प्रसंगाशी कोणता जुळतो हे पाच सेकंदांत कळते.

परवानगीच्या बाजूलाही हीच जोडी आहे. ‘यू आर अलाउड टू पे लेस दॅन द फुल फी’ म्हणजे पूर्ण फीपेक्षा कमी भरली तरी चालते. ‘ही इज अलाउड टू कॅरी लेस दॅन १५ केजी’ म्हणजे त्याला नेता येणारे जास्तीत जास्त वजनच १५ किलोच्या आत आहे. एकात कमी भरण्याची मुभा आहे, दुसऱ्यात मुभाच तोकडी आहे. मराठीत पहिल्यासाठी ‘तरी चालते’ आणि दुसऱ्यासाठी ‘च नेता येते’ असे म्हटले की प्रश्न मिटतो.

सहावी पायरी : नियम की अंदाज

मोडल दर वेळी नियमच सांगतात असे नाही. पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी सारे कोल्हापूर दर तासाला पाहत असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. ‘द लेव्हल मस्ट बी मोर दॅन ३९ फीट बाय नाउ’ असे कोणी म्हणाले, तर नदीला कोणी आज्ञा देत नाही. ‘एव्हाना ३९ च्या वर गेलीच असणार’ असा तो तर्क आहे. ‘मे बी मोर दॅन ४३’ म्हणजे ४३ च्या वर असू शकेल, आणि ‘कान्ट बी मोर दॅन ४०’ म्हणजे ४० च्या वर असणे शक्य नाही. तर्काच्या ‘मस्ट बी’चा नकार ‘मस्ट नॉट बी’ने न करता सहसा ‘कान्ट बी’ने करतात, हे लक्षात ठेवले तर उलट दिशेनेही ओळख पटते: ‘मस्ट नॉट बी मोर दॅन’ दिसले की तो नियमच असण्याची शक्यता जास्त.

मोडलच्या पुढे ‘हॅव’ आणि भूतकाळी धातुसाधित आले की काम सोपे होते. ‘मस्ट हॅव टेकन मोर दॅन टू अवर्स’ म्हणजे दोन तासांपेक्षा जास्त लागले असणार. येथे सक्तीचा अर्थ जवळजवळ संपतो. ‘शुड हॅव बीन अ‍ॅट लीस्ट ५ एमएम’ म्हणजे किमान ५ मिलिमीटर असायला हवे होते, आणि नव्हते. ‘नीड नॉट हॅव सेंट मोर दॅन ४००’ म्हणजे ४०० पेक्षा जास्त पाठवले गेले, आणि तशी गरज नव्हती. या शेवटच्या वाक्यातला छुपा ठपका ऑडिटच्या शेऱ्यात फार महाग पडतो.

‘शुड’ दोन्हीकडे वावरतो. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे. ‘इट शुड नॉट टेक मोर दॅन फाइव्ह अवर्स’ म्हणणारा ड्रायव्हर पाच तासांची अट मान्य करत नाही, तो आपला अंदाज सांगतो. डिलिव्हरीच्या पत्रात हेच वाक्य आले आणि त्याला अट समजून कोणी दंड मागितला, तर भांडण ठरलेले. अट हवी असेल तर ‘शॅल’ लिहून घ्यावे.

सातवी पायरी : ‘दॅन’च्या पलीकडे बसलेला मोडल

येथवर ‘दॅन’च्या पुढे आकडा होता. कधी कधी तेथे आकड्याच्या जागी मोडलच येऊन बसतो: ‘डोन्ट टाइटन द बोल्ट मोर दॅन यू हॅव टू’, ‘डोन्ट लोड मोर दॅन द ट्रॉली कॅन कॅरी’. अशा वेळी आकडा आपण काढायचा असतो, आणि तो कोणत्या टोकाचा काढायचा हे मोडल सांगतो. ‘हॅव टू’ आणि ‘नीड’ हे किमान गरज दाखवतात, तर ‘कॅन’ आणि ‘मे’ हे कमाल कुवत किंवा कमाल मुभा दाखवतात. बोल्ट गरजेपुरताच आवळा; ट्रॉलीला झेपेल तेवढाच ऊस भरा. मराठीत ‘पेक्षा’ची ओढाताण करून ‘तुम्हाला आवळावा लागतो त्यापेक्षा जास्त आवळू नका’ असे लिहिण्याची काही गरज नसते. ‘पुरता’ आणि ‘झेपेल तेवढा’ हे शब्द तेच काम सफाईने करतात. ‘ही एट मोर दॅन ही शुड हॅव’ याचेही ‘जरा जास्तच खाल्ले त्याने’ एवढेच मराठी पुरे.

याच घरातले काही प्रयोग शब्दशः घेतले तर उलटे पडतात. ‘आय कुडन्ट अग्री मोर’ हे ऐकून एका मुलाने मुलाखतीत ‘सर माझ्याशी सहमत नाहीत’ असा समज करून घेतला आणि तो गप्पच बसला. सहमती आधीच पूर्ण आहे, तिला वाढायला जागाच उरलेली नाही, असा त्याचा अर्थ. आपण ‘अगदी शंभर टक्के’ म्हणतो तसा. ‘इट कुडन्ट बी बेटर’ म्हणजे याहून बरे काय असणार, आणि ‘यू कान्ट बी टू केअरफुल’ म्हणजे कितीही जपले तरी कमीच. हे तीन-चार पाठ करावेत आणि पुढे जावे.

एक कलम सोडवून पाहू

सरावासाठी मी वर्गात देतो ते एक बनवलेले कलम असे आहे. ‘द हार्डनेस शॅल नॉट बी लेस दॅन १८० बीएचएन अँड शॅल नॉट एक्सीड २३० बीएचएन. सॅम्पल्स मे बी टेकन फ्रॉम मोर दॅन वन हीट. नो मोर दॅन फाइव्ह पीसेस पर लॉट नीड बी टेस्टेड. रिजेक्शन शुड नॉट बी मोर दॅन टू पर सेंट.’

‘बीएचएन’ म्हणजे धातूच्या कठीणपणाचा ब्रिनेल आकडा. पहिल्या वाक्यात ‘शॅल’ दोनदा आहे, दोन्ही आकडे आत आहेत, म्हणून १७९ नाही, १८० चालते, २३० चालते, २३१ नाही. दुसऱ्या वाक्यात मुभा आहे. एकाहून अधिक हीटमधून नमुने घेतले तर चालते, एकाच हीटमधून घेतले तरी चालते. ‘हीट’ म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला रस, हे फाउंड्रीतल्या मुलांना सांगावे लागत नाही, पण कॉमर्सच्या मुलांना उष्णता दिसते.

चौथे वाक्य पाहताच माझा पेन थांबतो. कठीणपणासाठी ‘शॅल’ लिहिणाऱ्यानेच रिजेक्शनसाठी ‘शुड’ का लिहिले? बहुधा त्याला अपेक्षा सांगायची होती, पण नंतर तो अट म्हणून पुढे करणारच नाही याची खात्री कोण देणार? अशा ठिकाणी अर्थ लावत बसू नये. गिऱ्हाइकाला मेल टाकून ‘शॅल’ की ‘शुड’ ते विचारावे आणि उत्तर फाइलला लावावे.

उरले तिसरे वाक्य. ‘नो मोर दॅन फाइव्ह’ वाचून सगळा वर्ग एका सुरात ‘पाचपेक्षा जास्त नग तपासू नयेत’ असे म्हणतो, कारण नकार वाक्याच्या तोंडाशीच आहे आणि ‘नीड’ पार शेवटी लपले आहे. मग फळ्यावर चार, पाच, सहा असे आकडे लिहितो आणि प्रत्येकाखाली ‘लागतंय का’ आणि ‘चालतंय का’ असे दोन रकाने पाडतो. नकार गरजेवर आहे: पाचांच्या वर तपासण्याची गरज नाही. पाच तपासावे लागतात, कारण दुसरी कोणतीही संख्या कलमात नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच, ‘आणि सर, सहावा तपासला तर?’ तेव्हा उत्तर मी देत नाही, पुढच्या बाकावरून येते: ‘चालतंय की.’